इंग्रजी वाक्यातले 'थोडे'

परकी भाषा शिकताना मोठे शब्द माणसाला फारसा त्रास देत नाहीत. मोठा शब्द अडला की आपण कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढे जातो. फसवतात ते लहान शब्द. ते ओळखीचे वाटतात, म्हणून कोणी कोश उघडत नाही, आणि नेमका तिथेच घात होतो. अशा शब्दांचे एक लहानसे कुटुंब आज आपण पाहू. 'थोडं', 'जरा', 'किंचित', 'जेमतेम' असा अर्थ सांगणारे हे इंग्रजी शब्द म्हणजे 'अ लिटल', 'अ बिट', 'स्लाइटली', 'समव्हॉट', आणि त्यांच्याच शेजारचे 'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअरली'. हे क्रियापदाच्या मागे बसतात की पुढे, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न दिसायला व्याकरणाचा आहे. पण त्याच्या उत्तरावर कधी नोकरी अवलंबून असते, तर कधी रोग्याची शुश्रूषा.

एक उदाहरण घ्या. नोकरीच्या अर्जात एका तरुणाला लिहायचे आहे, 'मी कष्ट करतो.' इंग्रजीत क्रियाविशेषणाला 'ली' लागतो हे त्याने शाळेत घोकलेले असते. म्हणून तो लिहितो, 'आय वर्क हार्डली.' वाचणारा क्षणभर गोंधळेल, आणि अर्थ लावायचाच झाला तर 'मी काम जवळजवळ करीतच नाही' असा लावील. बिचाऱ्याला म्हणायचे होते 'आय वर्क हार्ड'. एक 'ली' जास्त पडला आणि कष्टाळू मनुष्य कामचुकार ठरला!

आता मुळाशी जाऊ. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. कर्ता, कर्म, वेळ, स्थळ, प्रमाण, सारी मंडळी आधी येऊन बसतात आणि क्रियापद यजमानासारखे शेवटी पानावर बसते. 'बाळ दुपारी थोडं झोपलं.' यात 'थोडं' क्रियापदाच्या आधी आहे, आणि तेच आपल्या कानाला नैसर्गिक वाटते. आपल्या व्याकरणकारांनी अशा शब्दांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हटले आहे. परिमाण म्हणजे माप. हा 'माप' शब्द ध्यानात ठेवा, कारण इंग्रजीचे कुलूप त्याच किल्लीने उघडते.

इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते, आणि किती केले त्याचे माप क्रियापद होऊन गेल्यावर येते. 'द बेबी स्लेप्ट अ लिटल.' 'तो एक मैल चालला' याचे इंग्रजी आपण 'ही वॉक्ड अ माइल' असे बिनचूक करतो. मग 'तो थोडा चालला' याचे 'ही वॉक्ड अ लिटल' व्हावे यात नवल ते काय? 'अ माइल' हे जसे माप, तसेच 'अ लिटल' हेही माप. दोघांची जागा एकच.

'अ बिट' या शब्दाची जन्मकथा हेच सांगते. 'बिट' आणि 'बाइट', म्हणजे चावा, हे एकाच घरातले शब्द. 'बिट' म्हणजे मुळात चावून तोडलेला तुकडा, एक घास. पुढे घासाचा कोणताही लहान तुकडा झाला आणि तुकड्याचे 'थोडेसे' झाले. आपल्याकडेही हेच घडले आहे. 'घासभर', 'घोटभर', 'कणभर', 'तीळभर', 'तसूभर' ही सारी मापेच. 'तो तसूभर हलला नाही' असे म्हणताना तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग हे कोणाच्या मनातही येत नाही. आपण 'अजिबात नाही' एवढेच समजतो. इंग्रजीत 'नॉट अ बिट' याचा अर्थ नेमका तोच : तीळभरही नाही.

तर पहिला नियम असा, की 'अ लिटल' आणि 'अ बिट' यांची जागा क्रियापदानंतर. पण वाक्यात कर्म असेल तर? 'खिडकी थोडी उघडा' हे वाक्य पाहा. 'थोडी' आणि 'उघडा' मराठीत शेजारी आहेत, म्हणून आपला विद्यार्थी 'ओपन अ लिटल द विंडो' असे म्हणायला जातो. हे चुकले. इंग्रजी क्रियापद आपल्या कर्माचा हात सहसा सोडीत नाही. त्या दोघांच्या मध्ये शिरायची 'अ लिटल'ची प्राज्ञा नाही. त्याने कर्मानंतर उभे राहायचे : 'ओपन द विंडो अ लिटल.' रेडिओचा आवाज जरा कमी करायला सांगायचे असेल तर 'टर्न द रेडिओ डाउन अ बिट.'

'स्लाइटली' आणि 'समव्हॉट' हे दोघे अधिक मोकळे आहेत. भाव किंचित उतरले आहेत, हे 'प्राइसेस हॅव फॉलन स्लाइटली' असेही सांगता येते आणि 'प्राइसेस हॅव स्लाइटली फॉलन' असेही. पण 'प्राइसेस हॅव अ लिटल फॉलन' असे मात्र चालत नाही. म्हणजे मधल्या जागेचा परवाना 'स्लाइटली'ला आहे, 'अ लिटल'ला नाही. आपल्याला शंका असेल तेव्हा सर्वांना शेवटी बसवावे. चूक होण्याची भीती कमी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर घोटाळा होईल. हा सारा नियम क्रियापदापुरता आहे. विशेषणाच्या बाबतीत हेच शब्द आपल्या मराठीप्रमाणे आधी येतात. 'मी थोडा दमलो आहे' याचे 'आय ॲम अ लिटल टायर्ड'. तसेच 'मला थोडं इंग्रजी येतं' याला 'आय स्पीक अ लिटल इंग्लिश' म्हणतात, कारण इथे 'अ लिटल' हे 'इंग्लिश' या नामाला चिकटले आहे. किती बोलतो हे मोजायचे नसून किती इंग्रजी हे मोजायचे आहे.

आता कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअरली' हे शब्द कोशात 'क्वचित', 'जेमतेम', 'मुश्किलीने' अशा अर्थांनी दिलेले असतात, आणि म्हणून आपण त्यांनाही 'थोडं'च्या पंगतीला बसवतो. पण त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. 'अ लिटल' म्हणजे थोडे का होईना, पण आहे. 'हार्डली' म्हणजे असून नसल्यासारखे. पहिला होकाराचा धाकटा भाऊ, तर दुसरा नकाराचा. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ साली नकार या एकाच विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात अपुऱ्या नकाराचा स्वतंत्र विचार केला आहे. १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचे विस्तृत इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्यातही 'अ लिटल', 'स्लाइटली' यांचा गट वेगळा आणि 'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअरली' यांचा गट वेगळा मांडला आहे.

नकाराचा भाऊ म्हटला की त्याची जागाही नकाराजवळच. 'आय कॅनॉट वॉक' या वाक्यात 'नॉट' जिथे आहे, तिथेच 'हार्डली' बसतो : 'आय कॅन हार्डली वॉक.' साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर, आणि मुख्य क्रियापदाच्या आधी. साहाय्यक नसेल तर सरळ मुख्य क्रियापदाच्या आधी : 'ही हार्डली स्पीक्स', म्हणजे तो फारसा बोलत नाही. 'नॉट'ला 'डू' किंवा 'डझ' यांचा आधार लागतो, तसा इथे लागत नाही, एवढाच फरक. 'हार्ड' मात्र क्रियापदानंतर येतो. 'शी वर्क्स हार्ड' : ती कष्ट करते. 'शी हार्डली वर्क्स' : ती काम करते कुठे!

आता मराठी माणसाची खरी अडचण कुठे आहे ती पाहा. 'हार्डली'चा अर्थ आपण मराठीत कसा सांगतो? 'त्याला धड चालता येत नाही.' 'तो फारसा बोलत नाही.' 'धड' आणि 'फारसा' हे शब्द आले की वाक्याच्या शेवटी 'नाही' बहुधा ठरलेला. आपला नकार उघडा, डोळ्यांना दिसणारा. इंग्रजीचा नकार 'हार्डली'च्या पोटात दडलेला. तो दिसत नाही म्हणून आपण वरून आणखी एक 'नॉट' घालतो आणि 'ही कॅनॉट हार्डली वॉक' असे म्हणून बसतो. काही इंग्रजी बोलींतून असे दुहेरी नकार ऐकू येतात. पण शिष्ट इंग्रजीत ते अशुद्ध मानतात.

हा दडलेला नकार ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली अशी, की वाक्यानंतर जोडायचा छोटा प्रश्न नकारी वाक्याप्रमाणे होतो. 'ही स्पीक्स, डझन्ट ही?' पण 'ही हार्डली स्पीक्स, डझ ही?' दुसरी अशी, की 'एनी', 'एव्हर' हे सामान्यतः प्रश्नात आणि नकारात वावरणारे शब्द 'हार्डली'च्या संगतीत खुशाल येतात. 'हार्डली एनीबडी केम' : जवळजवळ कोणीच आले नाही. 'ही हार्डली एव्हर राइट्स' : त्याचे पत्र क्वचितच येते.

हाच शब्द वाक्याच्या अगदी आरंभी आणला तर कर्ता आणि साहाय्यक क्रियापद आपापल्या जागा बदलतात. 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.' मराठीत आपण म्हणू, 'आम्ही स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली.' या 'पोचतो न पोचतो'मधला 'न' पाहिलात? पोचलो तर होतो, पण पोचलो नाही म्हणावे इतकेच. इंग्रजीने जे 'हार्डली'च्या पोटात लपवले, ते मराठीने दोन क्रियापदांच्या मध्ये एका अक्षरात ठेवले.

'हार्ड'पासून निघालेल्या शब्दाला असा उलटा अर्थ आला तरी कसा? 'हार्डली'चा जुना अर्थ कठोरपणे, धीटपणे असा होता. मग तो 'कष्टाने, प्रयासाने' असा झाला; १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो या अर्थाने आलेला आहे. जे मोठ्या प्रयासाने घडते ते घडले न घडले सारखेच, आणि असे करता करता 'प्रयासाने'चे 'जवळजवळ नाहीच' झाले. आपला 'मुश्किलीने' हा शब्द त्याच वाटेने चालला आहे. 'मुश्किलीने दहा माणसे होती' यात मुश्कील कोणालाच पडलेली नसते. माणसे कमी होती एवढाच अर्थ. 'बेअरली' हा त्यातल्या त्यात आपल्या 'जेमतेम'च्या जवळचा. 'ही बेअरली पास्ड' म्हणजे पास झाला, पण काठावर.

या भेदाचे मोल कुठे कळते? रोग्याच्या खाटेजवळ. आज कितीतरी मराठी कुटुंबांची मुलेबाळे परदेशी आहेत, आणि वृद्ध आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. समजा, आजोबा तिथल्या रुग्णालयात आहेत आणि परिचारिका विचारते, कालपासून काही खाल्ले का? 'ही हॅज ईटन अ लिटल' म्हटले तर तिला वाटेल, ठीक आहे, थोडे पोटात गेले. 'ही हॅज हार्डली ईटन' म्हटले तर ती सावध होईल, कारण तिच्या कानांनी नकार ऐकला. तसेच दुखण्याचे. 'द पेन हॅज लेसन्ड अ लिटल' म्हणजे उतार आहे. 'द पेन हॅज हार्डली लेसन्ड' म्हणजे औषध लागू पडलेले नाही. दोन्ही वाक्यांना कोशात पाहून कोणी 'दुखणे थोडे कमी झाले' असे मराठी करील. पण पहिल्याने डॉक्टर तेच औषध चालू ठेवील आणि दुसऱ्याने कदाचित ते बदलील. एवढे अंतर त्या दोन शब्दांत आहे.

आता राहिला 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचा प्रश्न. हा सर्वांत नाजूक, कारण इथे फरक अवघ्या एका स्वराचा. 'आय नो अ लिटल इंग्लिश' म्हणजे मला थोडेसे इंग्रजी येते, काम भागते. 'आय नो लिटल इंग्लिश' म्हणजे मला इंग्रजी फारसे येत नाही. मुलाखतीला बसलेला उमेदवार पहिले म्हणू इच्छितो आणि तोंडून दुसरे निघते. मराठीत 'अ' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे नाहीत, त्यामुळे 'अ' गळला तर आपल्याला काही गळले असे वाटतच नाही. शिवाय हा 'अ' इंग्रज इतका हळू उच्चारतात, की सारा जोर 'लि'वर पडतो आणि 'अ' आधीच्या शब्दाच्या शेपटीत मिसळून जातो. रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकताना मुद्दाम कान देऊन पाहा.

परंतु हा भेद मराठीला परका आहे असे मुळीच नाही. 'मला थोडंसं येतं' आणि 'मला थोडंच येतं' ही दोन वाक्ये म्हणून पाहा. पहिल्यात आशा आहे, दुसऱ्यात हात झटकणे आहे. तिथे जे काम 'सं' आणि 'च' करतात, ते इंग्रजीत 'अ' असण्याने आणि नसण्याने होते. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं. नुसते 'लिटल' म्हणजे थोडंच. हे समीकरण पाठ केले की पुढे चुकायचे कारण नाही.

जागेच्या दृष्टीने नुसते 'लिटल' दोन्हीकडे नांदते. 'ही स्लेप्ट लिटल', तो फार झोपला नाही, इथे ते क्रियापदानंतर आहे. पण जाणणे, समजणे, कल्पना असणे अशा अर्थाच्या क्रियापदांबरोबर ते पुढे येते, आणि मग त्याचा अर्थ 'थोडे' न राहता 'मुळीच नाही' असा होतो. 'लिटल डिड आय नो' म्हणजे मला कल्पनाही नव्हती. इथेही 'हार्डली'सारखीच कर्त्याची आणि साहाय्यक क्रियापदाची अदलाबदल झाली आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. नकार पुढे येऊन उभा राहिला की इंग्रजी वाक्य असे वळण घेते.

आणखी एक गंमत. 'नॉट अ बिट' म्हणजे तीळभरही नाही, हे आपण पाहिले. मग 'नॉट अ लिटल' म्हणजेही तसेच असेल ना? नाही! 'आय वॉज नॉट अ लिटल सरप्राइज्ड' म्हणजे मला काही थोडेथोडके आश्चर्य वाटले नाही, चांगलेच वाटले. जुळी भावंडे, पण 'नॉट'ची सावली पडताच एक उत्तरेला जाते आणि दुसरे दक्षिणेला.

शेवटी 'जरा'विषयी दोन शब्द. मराठी माणसाच्या बोलण्यात 'जरा' पावलोपावली येतो. 'जरा बसा', 'जरा ऐकता का', 'जरा पेन देता?' यात मापाचा संबंध नाही. पेन काही थोडे द्यायचे नसते! इथे 'जरा' हे आर्जव आहे, हुकमाची धार बोथट करणारे. याचे भाषांतर 'सिट अ लिटल' असे केले तर पाहुणा म्हणेल, थोडाच वेळ बसायला सांगतात, म्हणजे लवकर उठावे असे दिसते. अशा ठिकाणी 'प्लीज' म्हणावे, 'वुड यू' म्हणून विचारावे. जिथे खरोखर मोजता येते तिथे मात्र 'अ बिट' शोभतो. बाकावर सरकायला सांगताना 'वुड यू मूव्ह अप अ बिट?' म्हटले की माप आणि आर्जव दोन्ही साधतात.

उलट बाजूनेही सावध असावे. ब्रिटिश लोकांना मोठी गोष्ट लहान करून सांगण्याची सवय आहे. त्यांचा वरिष्ठ अधिकारी 'आय वॉज अ बिट डिसअपॉइंटेड' म्हणाला, तर 'साहेब किंचितच नाराज आहेत' असे समजून स्वस्थ बसू नये. तो 'अ बिट' बहुधा शिष्टाचाराचा असतो. नाराजी चांगली मोठी असू शकते. आपल्याकडेही रागावलेला माणूस 'मला जरा बोलायचं आहे तुमच्याशी' म्हणतो, तेव्हा तो जराच बोलत नाही, हे आपण जाणतोच.

आता एकदा उजळणी करू. माप सांगायचे असेल तर शब्द क्रियापदानंतर, आणि कर्म असेल तर कर्माच्याही नंतर. नकाराकडे झुकायचे असेल तर शब्द क्रियापदाच्या आधी, 'नॉट'च्या जागी, आणि दुसरा 'नॉट' घालायचा नाही. 'अ' असेल तर थोडंसं, 'अ' नसेल तर थोडंच. हे पक्के व्हावे म्हणून रोज तीन मराठी वाक्ये घ्या. एक 'थोडंसं'चे, एक 'फारसं नाही'चे, आणि एक 'जरा'चे. त्यांचे इंग्रजी करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा, 'मी इथे मोजतो आहे, नाकारतो आहे, की आर्जव करतो आहे?' उत्तर मिळाले की शब्द आणि त्याची जागा, दोन्ही बरोबर सापडतील. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी हा प्रश्न त्यांनाही विचारावा. मुले अशा खेळात आपल्यापेक्षा लवकर तरबेज होतात.